१८ इंची प्लांटेड टँक, बजेट ३,००० रुपये: दगड, माती, दिवा यांत पैसे कुठे घालावेत?

पाणकणीस

नमस्कार मंडळी. १८ × १२ × १२ इंची माशांच्या टँकमध्ये दगड आणि झाडं असा साधा प्लांटेड सेटअप करायचा आहे. काच धरून एकूण बजेट ३,००० रुपये. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर नाही, कॅनिस्टर (टँकबाहेरचा) फिल्टर नाही. घर पुण्यात, वारज्यात. सोसायटीला महापालिकेचं पाणी येतं, एप्रिल-मेमध्ये त्यात टँकरची भर पडते.

अडलंय ते असं. दुकानात सजावटीचे आयात दगड किलोवर विकतात; तीन बरे दगड घेतले की बजेटचा मोठा लचका तिथेच जातो. त्याऐवजी इथला काळा दगड चालेल का? फरशीचं काम झाल्यावर उरलेले शहाबादी आणि कडप्प्याचे तुकडे घरात आहेत, त्यांचे थर छान दिसतात. ते वापरता येतील का? खाली घालायला तयार ॲक्वासॉइल (टँकमधल्या झाडांसाठीची खास माती) परवडत नाही, तर नर्सरीतली माती चालते का? आणि दिवा किती वॅटचा घ्यायचा?

मासे कमी असले तरी चालतील. झाडं हिरवीगार राहावीत एवढी इच्छा आहे.

कातळ

दगडापासून सुरुवात करू, कारण दगड चुकला तर पुढे अख्खा टँक उपसावा लागतो.

शहाबादी आणि कडप्पा दोन्ही बाजूला ठेवा. दोन्ही चुनखडक आहेत. कडप्पा काळा असल्यामुळे बेसॉल्टसारखा वाटतो, पण जात शहाबादीचीच. कोटा फरशीही त्यातलीच. संगमरवराची पांढरी खडी तर जवळपास निव्वळ कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. हे दगड पाण्यात थोडा थोडा चुना सोडत राहतात, जडपणा आणि सामू (पीएच) दोन्ही चढत जातात, आणि बहुतेक झाडांना नेमकं उलटं हवं असतं. दुकानातला करडा, पांढऱ्या रेघांचा सेइर्यूसुद्धा चुना सोडतो. म्हणजे महाग दगड घेऊनही हा प्रश्न सुटत नाही. रंगवलेली निळी-गुलाबी खडी तर नकोच. रंगाचे पापुद्रे सुटतात.

आता इथला काळा दगड. पुण्याखाली सगळा दख्खनचा बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दुकानात 'लाव्हा रॉक' म्हणून जे विकतात त्याचाच हा भाऊ, फक्त जास्त घट्ट. पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाही. हिरवं झाड काळ्या दगडावर जितकं उठून दिसतं तितकं करड्यावर दिसत नाही, हे माझं ठाम मत.

मात्र कुठलाही काळा दगड उचलून टाकायचा नाही. बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात आणि त्या नंतर पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. बहुतेकदा ते झिओलाइट किंवा क्वार्ट्झ असतं, त्याचं भय नाही. पण काही पोकळ्यांमध्ये कॅल्साइट असतं, आणि ते डोळ्यांनी ओळखू येईलच असं नाही. म्हणून परीक्षा त्या पांढऱ्या ठिपक्यांची घ्यायची, काळ्या भागाची नव्हे. खिळ्याने ठिपका खरवडा, जी भुकटी पडेल तिच्यावर आम्लाचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर दगड बाद. रंगीत स्फटिक असलेला दगडही टँकमध्ये नको. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात, पण त्यात व्हॅनेडियम आहे. त्याची जागा कपाटात. पितळी चमक दिसली तर तोही दगड सोडा, ते पायराइट असू शकतं.

कुठला दगड निवडायचा? कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा झिजका दगड नको, तो पाण्यात मुरूम होऊन बसतो. वाजवून पाहा: खणखणीत वाजला तर घट्ट, बद्द वाजला तर आतून कुजलेला. सच्छिद्र, खड्ड्याखड्ड्यांचा मिळाला तर उत्तम, कारण मॉस त्याला धरतं आणि अनुबियासच्या झाडाची मुळं त्यात पकडतात. जांभा चालू शकतो, पण तो महिनोन् महिने लाल गाळ सोडतो.

मिळण्याची जागा: बांधकामाच्या पायाच्या खोदाईचा ढीग, साइटवर विचारून. नाहीतर सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत लँडस्केपिंगचे दगड मिळतात. साइटवरच्या दगडाला सिमेंटचा शिंतोडा किंवा डिझेलचा डाग नाही ना, हे बघा. सिमेंटही सामू चढवतं. टेकडीवरून, गडावरून किंवा नदीच्या पात्रातून दगड आणू नका. त्या दगडाखाली विंचवापासून पालीपर्यंत कुणाचं ना कुणाचं घर असतं.

धुण्याबद्दल एक इशारा. दगड पातेल्यात घालून उकळण्याचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. तो पाळू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड तडकून उडू शकतो. तारेच्या ब्रशने घासा, वरून गरम पाणी ओता, दोन दिवस उन्हात ठेवा. साबण नाही.

तुमच्या टँकला एकूण ६ किलो दगड पुरे. बेसॉल्ट जड असल्यामुळे ६ किलो दगड जेमतेम २ लिटर पाण्याची जागा घेतो. एक मोठा १८ ते २० सेंमी उंच, दुसरा त्याच्या दोन-तृतीयांश, तिसरा मुठीएवढा. मोठा दगड मधोमध नको, एका बाजूला एक-तृतीयांशावर. तिन्ही दगडांच्या रेघा, थर, भेगा एकाच दिशेने झुकलेल्या हव्यात. तीन निरनिराळ्या जातींचे दगड एकत्र ठेवले तर कितीही हलवा, ढिगारा वाटतो.

मुळं_आणि_माती

कातळदादांनी दगडाचं सविस्तर सांगितलंच आहे. मी मातीवर बोलते.

नर्सरीतली माती चालते, पण तीन प्रकार टाळा. एक, काळी माती. ती फुगते, तिचा गाळ बसता बसत नाही, आणि पुण्याच्या आसपासच्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. दुसरं, शेणखत मिसळलेली 'कुंडीसाठी तयार' माती. पाण्याखाली गेली की त्यातून अमोनिया निघतो. तिसरं, कोकोपीट किंवा पर्लाइट असलेलं मिश्रण; कोकोपीट चहासारखा रंग सोडतं आणि पर्लाइट वर तरंगतं.

हवी ती नुसती लाल माती, काही न मिसळलेली. तिच्यात लोह भरपूर असतं आणि चुना नसल्यात जमा. ३ किलो आणा. चाळणीने खडे-काड्या काढा. बादलीत पाणी घालून ढवळा, दहा मिनिटांनी वर तरंगणारं ओतून टाका, असं तीन-चार वेळा. मग वर्तमानपत्रावर पसरून कडक वाळवा, परत भिजवा, परत वाळवा. दोन फेऱ्या पुरतात. या भिजवण्या-वाळवण्यात सहज कुजणारा भाग आधीच कुजून जातो, टँकमध्ये कुजत बसत नाही. शेवटी या मातीत दोन मुठी गांडूळखत, त्याहून जास्त नाही. जास्त घातलं तर पहिले दोन महिने शेवाळच पोसाल.

थर: माती २ सेंमी, त्यावर वाळू ३ ते ५ सेंमी. माती काचेपर्यंत नेऊ नका. समोर ४ सेंमी आणि बाजूंना २-३ सेंमी पट्टा नुसत्या वाळूचा ठेवला की समोरून चिखलाची रेघ दिसत नाही आणि उजेड लागून मातीच्या थरात शेवाळ धरत नाही. माती यापेक्षा जाड केलीत तर खाली प्राणवायू पोचत नाही, सडक्या अंड्यासारख्या वासाचे बुडबुडे येतात आणि मुळं काळी पडतात.

वाळूचा दाणा १ ते २ मिमी हवा. पाण्याच्या फिल्टरमध्ये भरायची क्वार्ट्झची सिलिका वाळू सगळ्यांत बरी, ती चाळलेलीच मिळते. तुमच्या टँकला १० किलो घ्या. बांधकामाची क्रश सँड बेसॉल्टचीच असली तरी तिच्यात दगडाची पूड इतकी असते की वीस वेळा धुऊनही पाणी करडं राहतं. धारदार कडांनी तळाशी फिरणाऱ्या माशांच्या मिशाही झिजतात. मैद्यासारखी बारीक वाळूही नको. ती दाबून बसते आणि मातीचा श्वास कोंडते.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी दगड, मग माती, मग वाळू. दगड थेट काचेवर टेकवू नका, खाली प्लॅस्टिकच्या जाळीचा किंवा पातळ फोमचा तुकडा ठेवा. मातीवर दगड ठेवला तर तो आठवडाभरात तिरपा होतो, बाजूने माती वर उसळते आणि मांडलेली चढण मोडते. दगड बसल्यावर मागे एकूण ७-८ सेंमी, समोर ३ सेंमी असा उतार करा. लहान टँकला खोली याच उताराने येते.

पाणी भरताना वाळूवर प्लॅस्टिकची पिशवी पसरा, तिच्यावर ताटली ठेवा आणि ताटलीवर बारीक धार सोडा. चौथाई भरलं की थांबा, झाडं लावा, मग पुढचं भरा. घाईत बादली उपडी केली की माती वर आलीच म्हणून समजा.

झाडं पहिल्याच दिवशी भरपूर लावा. 'आधी दोन-चार लावून बघू' म्हटलं की रिकाम्या जागेचा फायदा शेवाळ घेतं. जमिनीचा ६०-७० टक्के भाग झाकलेला हवा. मागे व्हॅलिसनेरियाची ८-१० रोपं आणि हायग्रोफिला पॉलिस्पर्माच्या १०-१२ काड्या. ही आपल्याकडचीच पाणवनस्पती आहे, चिवट आणि स्वस्त. दगडांच्या पायथ्याशी क्रिप्टोकोरायनी वेंडटीचे ५-६ गड्डे. दगडावर अनुबियास नाना किंवा जावा फर्न. यांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. सुती दोऱ्याने बांधा किंवा फेविक्विकचा एक थेंब लावून दगडाला चिकटवा. पाण्याचा स्पर्श झाला की ते लगेच घट्ट होतं आणि माशांना त्रास देत नाही. शिवाय सुरुवातीचे दोन महिने हॉर्नवर्टची मूठभर जुडी तरंगत सोडा. ती पाण्यातलं जास्तीचं खत भराभर ओढते. झाडं रुजली की काढून टाका.

नर्सरीतली ब्राह्मी टँकमध्ये चांगली वाढते, पण आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात. तुम्हाला हवी ती जाड, लांबट, छोट्या पानांची बॅकोपा. गोल, वाटीसारख्या पानांची मिळाली तर ती मंडूकपर्णी, ती पाण्याखाली टिकत नाही. नर्सरीच्या रोपांवर कीटकनाशक मारलेलं असू शकतं, म्हणून आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा आणि रोज पाणी बदला.

कास पठारावरून किंवा सह्याद्रीतल्या डबक्यांमधून झाडं उपटून आणायचा मोह टाळा. साताऱ्याच्या पठारांवरचा वायतुरा सह्याद्रीबाहेर कुठे उगवत नाही.

पाणकणीस

दोघांचे मनापासून आभार. तीन गोष्टी तपासल्या:

कडप्प्यावर घरातलं व्हिनेगर टाकलं, बुडबुडे आले नाहीत. मग तो चुनखडक कसा? पाण्याचं टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजलं: महापालिकेचं ९०, टँकरचं ६४०. आणि दिव्याचं राहिलंच. दुकानदार प्लांटेड टँकचा खास दिवा घ्या म्हणतो, तो निम्म्या बजेटचा आहे.

कातळ

व्हिनेगरमध्ये आम्ल जेमतेम ४-५ टक्के असतं. घट्ट, गुळगुळीत पृष्ठभागावर त्याचा परिणाम इतका मंद होतो की बुडबुडे दिसतच नाहीत. दोन सुधारणा करा. पृष्ठभागावर नाही, खरवडलेल्या भुकटीवर टाका. आणि व्हिनेगरऐवजी लिंबूसत्त्व वापरा: किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, १ चमचा ४ चमचे पाण्यात. पापडाच्या फुग्यांसारखी बारीक फसफस कानाजवळ नेल्यावर ऐकूही येते. संडास धुण्याचं ॲसिड सगळ्यांत जोरदार, पण हातमोजे आणि चष्मा लावून, उघड्यावर, आणि ब्लीचच्या आसपासही नाही. त्या दोघांतून क्लोरीन वायू निघतो.

तरीही शंका राहिली तर बादली-परीक्षा घ्या. दोन बादल्यांत एकाच नळाचं ५-५ लिटर पाणी. एकीत दगड, दुसरी रिकामी. दोन्ही झाकून ७ दिवस ठेवा, मग टीडीएस मोजा. रिकामी बादली लोक ठेवत नाहीत आणि नुसत्या बाष्पीभवनाने चढलेला आकडा दगडाच्या नावावर लिहितात. दोन बादल्यांतला फरक १०-१५ च्या आत असेल तर दगड निर्धास्त वापरा. ४०-५० च्या वर गेला तर सोडून द्या.

उजेड_सहा_तास

दिव्याचं मी सांगतो. ९ वॅटचा, ६५०० केल्विनचा (पांढऱ्या उजेडाचा) साधा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. तुम्ही सांगितलेल्या मापात आतलं खरं पाणी २८ लिटरच्या आसपास भरतं. लेबलवर ४० लिटर लिहिलेलं असलं तरी काचेची जाडी, वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करायला हवी. २८ लिटरला ९०० ल्युमेन म्हणजे लिटरमागे ३२. त्यातला बराच उजेड बाजूला सांडतो. वर सांगितलेल्या झाडांना उरलेला पुरतो. तपकीर गल्लीत होल्डर, वायर आणि बल्ब तिन्ही मिळून खास दिव्याच्या किमतीच्या थोड्याशा भागाइतके पैसे जातील. स्टीलची उथळ वाटी उलटी करून परावर्तक करा. बल्ब पाण्यापासून २०-२५ सेंमी वर. वायर भिंतीच्या सॉकेटकडे जाताना सॉकेटच्या खाली एकदा लोंबू द्या, म्हणजे ओघळणारा थेंब सॉकेटमध्ये न शिरता तिथेच खाली पडतो.

वाचलेल्या पैशातून प्लगचा यांत्रिक टायमर घ्या. हा खर्च मी कधीच टाळू देणार नाही. सीओटू नसलेल्या टँकमध्ये शेवाळ होण्याचं पहिलं कारण खत नसून लांबलेला उजेड असतं. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड झाडं काही तासांत संपवतात; त्यापुढचा उजेड झाडांच्या उपयोगाचा नाही, शेवाळाच्या उपयोगाचा. पहिले तीन आठवडे ६ तास, पुढे झाडं वाढताना दिसली तर ७. खिडकीचं थेट ऊन नको.

नायट्रोस्पिरा

पाणी आणि मासे राहिलेत.

९० टीडीएसचं पाणी झाडांसाठी उत्तम आहे, तुम्ही नशीबवान. काळजी टँकरची, आणि त्यातही अचानक बदलाची. हिशेब बघा: टँकमध्ये ९० चं २१ लिटर आणि बदलताना ६४० चं ७ लिटर घातलंत की एका झटक्यात २२७ होतं. मासे हळूहळू झालेला बदल पचवतात, असा धक्का नाही. म्हणून उन्हाळ्यात २० लिटरचा एक जार महापालिकेच्या पाण्याने भरून ठेवा. आठवड्याला ७ लिटर बदलायचं म्हटलं तरी तो जवळपास तीन आठवडे पुरतो. आरओचं वाया जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात.

क्लोरीन काढायला सोडियम थायोसल्फेटचे खडे घ्या, दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळतात. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा. १० लिटरच्या बादलीला यातलं २ मिली. पावसाळ्यात क्लोरीनचा वास तीव्र आला तर ३. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असेल तर शुक्रवारी सकाळचं पाणी टँकसाठी धरू नका. रिकामी झालेली पाइपलाइन भरताना गाळ घेऊन येते.

फिल्टर म्हणून साधा स्पंज आणि हवेचा पंप पुरे. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. वर जागा नसेल तर नळीत एकदिशा झडप बसवा. नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. नळाखाली धरला की क्लोरीनने आतले जिवाणू मरतात, आणि तेच तर फिल्टरचं खरं काम करतात.

मासे पहिल्या महिन्यात नाहीत. मातीतून अमोनिया येतो, तो आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतो. हे काम करणारे जिवाणू तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसले की मासे. या काळात पहिल्या आठवड्यात एकाआड एक दिवस, दुसऱ्यात दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा ७ लिटर पाणी बदला.

मासे नसलेला महिनाभराचा टँक म्हणजे डासांचं पाळणाघर, हे मात्र विसरू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. स्पंज फिल्टर चालू ठेवून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा आणि वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. दिव्याचा उजेड त्यातून पुरेसा जातो.

२८ लिटरला ५-६ नर एंडलर, किंवा ८ एम्बर टेट्रा, किंवा एकटा बेटा. यातलं एकच. तुमच्या उन्हाळ्यातल्या मिसळीच्या पाण्याला एंडलर जास्त सोसतात. मे महिन्यात पाणी ३१-३२ अंशांवर गेलं तर पाण्यावरून वारा जाईल असा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा लावा, २ ते ३ अंश उतरतात. पाणी आटेल, ते आटलेलं आरओच्या किंवा कमी टीडीएसच्या पाण्याने भरा, कारण वाफ होते ती निव्वळ पाण्याची; क्षार मागेच राहतात.

थोडं_वेगळं

मातीला माझा विरोध आहे, विशेषतः पहिल्या टँकला. नवा माणूस झाडं हलवतो, दगड सरकवतो, आणि प्रत्येक वेळी चिखल वर येतो. नुसती ५-६ सेंमी सिलिका वाळू घाला आणि खत पाण्यातून द्या. हवं तेव्हा हवी तशी मांडणी बदलता येते.

मार्केट यार्डाच्या बाजूला कृषी सेवा केंद्रांत १३:००:४५ मिळतं, ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. २० ग्रॅम ५०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात. आठवड्याला ५ मिली दिलं की २८ लिटरमध्ये नायट्रेट साधारण ४ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पोटॅशियम पावणेतीन पीपीएम वाढतं. फॉस्फेटसाठी ००:५२:३४ (मोनो-पोटॅशियम फॉस्फेट), २ ग्रॅम ५०० मिलीमध्ये, त्याचं ५ मिली म्हणजे अर्धा पीपीएम. लोहाची बाटली वेगळी ठेवा, फॉस्फेटसोबत एकाच बाटलीत घातलं तर लोह खाली बसतं.

दुकानात आकडे नीट वाचा. १९:१९:१९ आणि १२:६१:०० शेजारीच ठेवलेले असतात. पहिल्यात अमोनिया आणि युरियाच्या रूपातला नत्र असतो, दुसरं मोनो-अमोनियम फॉस्फेट आहे. द्राक्षबागेला अमृत, टँकला विष. फवारणीचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रणही नको, त्यातलं तांबं कोळंबी आणि गोगलगायी मारतं.

मुळं_आणि_माती

हिशेब अचूक आहे, पण या टँकसाठी मी मातीचाच आग्रह धरीन. क्रिप्ट आणि व्हॅलिसनेरिया अन्न मुख्यतः मुळांनी घेतात. मातीत ती वर्षभर कुठल्याही बाटलीशिवाय वाढतात, आणि सीओटू नसताना मातीतल्या कुजण्यातून निघणारा थोडा कार्बन डायऑक्साइडही झाडांच्या कामी येतो. मांडणी सारखी बदलायची सवय असेल तर मात्र नुसती वाळूच बरी, हे मान्य. पाणकणीस, तुम्हीच ठरवा: दगड एकदा लावून सोडणार असाल तर माती घाला. पण माती असताना पहिले तीन महिने वरचं खत एक थेंबही नको.

क्रिप्टची पानं पहिल्या दोन आठवड्यांत विरघळल्यासारखी गळतील. उपटू नका. रोपवाटिकेत ती पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्याखाली नवी पानं काढायच्या आधी जुनी सोडतात. मूळ घट्ट असेल तर महिन्यात नवा कोंब येतो. काचेवर आणि दगडावर तपकिरी भुकटी येईल, ते डायटम, सूक्ष्म शेवाळाचा प्रकार. बोटाने पुसलं जातं आणि दीड-दोन महिन्यांत आपोआप ओसरतं. पाणी दुधाळ झालं तर ते जिवाणूंचं पीक, चार-पाच दिवसांत निवळतं. निळसर-हिरवा, चादरीसारखा सुटणारा, कुबट वासाचा थर आला तर मात्र नळीने ओढून काढा आणि तीन दिवस टँक पूर्ण काळोखात ठेवा.

छाटलेल्या काड्या आणि जास्तीची तरंगती झाडं मुठेत किंवा ओढ्यात टाकू नका. नदीत जलपर्णी पुरेशी आहे. वाळवून कुंडीत घाला.

पाणकणीस

माती घालतो, दगड हलवणार नाही. साइटवरून तीन बेसॉल्ट मिळाले, पांढऱ्या ठिपक्यांवर लिंबूसत्त्वाने काहीच फसफसलं नाही. मोठा २१ सेंमी आहे. कपाटाचा वरचा भाग प्लायवुडचा आहे, टँक त्यावर थेट ठेवू का?

कातळ

थेट नको. भरलेल्या टँकचं वजन ५५ किलोच्या आसपास होईल. खाली १२ मिमीचं घट्ट थर्मोकोल पूर्ण तळाएवढं कापून घाला; प्लायवुडमधला बारीक उंचवटा ते गिळतं, नाहीतर तळाची काच नेमकी तिथे तडकते. पाणसळ दोन्ही दिशांना लावा. टँक रिकामा असतानाच गॅलरीत नुसत्या पाण्याने काठोकाठ भरून २४ तास ठेवा, खाली वर्तमानपत्र पसरा, ते ओलं झालं तर दुकानात परत न्या.

२१ सेंमीचा दगड चालेल. मागे ७ सेंमी वाळू असल्यामुळे तेवढा भाग खाली पुरला जाईल आणि वर १४ सेंमी दिसेल. पुरायचा भाग रुंद बाजूचा ठेवा. हाताने समोरून आणि बाजूने ढकलून पाहा. जरासुद्धा डुलला तर काढून पुन्हा बसवा, वाळू भरल्यावर तो बसेल या भरवशावर राहू नका.